बिनखिडकीच्या न्हाणीचा रंग

३ ऑक्टोबर

एकतीस वर्षं मी डायरी लिहिली, पण ती साहेबाला दाखवायला. कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत काम झालं, कोणता रंग किती लिटर लागला, ब्रश किती झिजले. रेल्वेचा पेंटर होतो. कॅसलरॉकच्या खाली घाटात जेवढे सिग्नल, पाट्या, पूल आणि बोगदे आहेत त्या सगळ्यांना माझा हात लागलाय. निवृत्त झालो तशी डायरीही निवृत्त झाली. आज दोन वर्षांनी परत वही घेतली, कारण एक काम काढलंय आणि ते कुणाला सांगायचं नाही. सांगितल्याशिवाय राहवत तर नाही. म्हणून वहीला सांगतो.

काम असं. बायजाच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑगस्टच्या शेवटी बेळगावला झालं. तेव्हापासून ती तिथंच आमच्या मुलीकडे, अश्विनीकडे आहे. डॉक्टरांनी बजावलंय, उकिडवं बसायचं नाही, चढउतार करायचा नाही. आमचा संडास परसात, बावीस पायऱ्या खाली. अश्विनी म्हणाली, "आबा, आई आता हितंच राहू दे. तिकडं कशी उतरंल ती?" मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी लखू गवंड्याला बोलावणं धाडलं.

माजघर आणि स्वयंपाकघराच्या मधे भाताच्या कोठीची अंधारी खोली होती, ती रिकामी केली. आज तिथं खुर्चीसारखा संडास बसला, नळ आला, धरायला दोन्ही अंगांना स्टीलचे दांडे आले. दांडे किती उंचीवर, असं लखूने विचारलं. चुलीजवळच्या भिंतीवर बायजा उठताना हात टेकते, तिथं काळा डाग पडलाय. त्या डागाची उंची मी काठीवर मोजून दिली. तिच्या खाटेपासून न्हाणी सात पावलं. लंगडत गेलं तर नऊ. दोन्ही प्रकारे मोजून पाहिलं.

खिडकी मात्र नाही. पाठीला डोंगर, दोन बाजूंना खोल्या, चौथीकडे दार. वर पाण्याच्या टाकीसाठी स्लॅब टाकली, त्यामुळे काचेचं कौल घालायचीही सोय नाही. वाऱ्याला एक पाइप आणि उजेडाला एक बल्ब. आता राहिला फक्त रंग. बायजाने दार उघडलं की तिला अश्विनीच्या घरची चकचकीत बाथरूम विसरायला झाली पाहिजे, असा रंग हवा.

दुपारी मालगाडी वर गेली, अठ्ठावन्न डबे. मालगाडी गेली की बायजा चुलीपुढून विचारायची, "किती?" आणि मी आकडा सांगायचो. बत्तीस वर्षांची सवय. सध्या विचारायला कुणी नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

४ ऑक्टोबर

रामनगरला जाऊन आलो. आजचा दिवस मी विसरणार नाही.

रंगाच्या दुकानात पूर्णिमा म्हणून चुणचुणीत मुलगी आहे. तिने विचारलं, "काका, कुठल्या खोलीला?" म्हटलं, न्हाणीला. "खिडकी हाय?" म्हटलं, न्हाई. "मग फिकट बघा," म्हणाली आणि पत्त्यांच्या जुडग्यासारखं एक कार्ड माझ्या हातात दिलं. उलगडलं तर रंगच रंग. हजाराच्या वर. एकट्या पिवळ्याला पाच पानं. प्रत्येकाला इंग्रजी नाव, त्यातली बरीचशी खाण्याच्या पदार्थांची.

नोकरीत पाटीला पिवळा, अक्षरांना काळा, गर्डरला तांबडा, खांबाला चंदेरी, बोगद्यात चुना. वरून कागद यायचा, तसं मारायचं. एवढे रंग फासले, पण भिकाजी, तुला कोणता आवडतो, असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आज पूर्णिमाने ते विचारलं. कार्ड बघत बसलो तर परतीची बस निघून गेली. दुसरी दीड तासाने होती. तोवर हिरव्यांपर्यंत पोचलो.

तिने कार्ड घरी न्यायला दिलं. शिवाय म्हणाली, लहान डब्या करून देते, भिंतीवर हात-हातभर लावून बघा आणि मग ठरवा. असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं.

५ ऑक्टोबर

लखूने माझ्या उत्साहावर पाणी ओतलं. "भिकूमामा, गिलावा अजून वला हाय. आत ना ऊन, ना वारं. तीन आठवडं तरी ह्यो दुकानातला रंग टिकायचा न्हाई. चुना मारा. चुना वल्या भितीवर बी बसतोय. चार दिसांत मामीला घिऊन या."

मी म्हटलं, एकतीस वर्षं चुनाच मारला, आता घरात पण चुना? बायजाने काय बोगद्यात आंघोळ करायची? तो हसत म्हणाला, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हंत्यात. हितं गुडघा मामीचा आणि बाशिंग तुमचं." बोलायला हा पठ्ठ्या कुणाला ऐकायचा नाही.

संध्याकाळी स्टेशनच्या पुलावर चढलो. फोनला रेंज मिळते ती तिथंच. बायजा म्हणाली, आता काठी घेऊन चालता येतंय, या आयतवारी येऊ काय? न्हाणीचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण आवरलं. म्हटलं, "घाई कशाला? अति घाई संकटात नेई." ती म्हणाली, "बरं."

रुळांचं काम चालू असलं की आम्ही ब्लॉक घेतो. लाइन फिट झाली अशी सही होईपर्यंत गाडी सोडत नाहीत. बायजाचंही तसंच. भिंती सुकल्या, रंग झाला, की मग थेट दारात आणून उभी करायची. तिचं तोंड कसं होईल ते डोळ्यांपुढे येतं आणि मी एकटाच हसतो.

८ ऑक्टोबर

पहिली डबी उघडली. केळ्याच्या नावाचा पिवळा. हातभर चौकोन मारला, बल्ब लावला, आणि पाच मिनिटं दार बंद करून आत बसलो. छान प्रसन्न वाटत होतं. मग समोर आरसा टांगून पाहिला तर मला कावीळ झालेली. वर त्या पिवळ्यावर काळ्या अक्षरांत स्टेशनाचं नाव लिहायला हात शिवशिवायला लागले. पिवळा बाद.

मालगाडी, एकोणसाठ.

११ ऑक्टोबर

हिरवा लावला. दुकानात तो कोवळ्या भाताच्या रोपासारखा दिसला होता. आत बल्बखाली शेवाळ. लखू डोकावून म्हणाला, "भित आत्ताच शेवाळली काय?" मी आकाशीही उघडला. तो बरा आहे, पण त्यात बसलं की थंडी वाजते. बल्ब बदलून पिवळ्या उजेडाचा लावला तर आकाशीचा हिरवा झाला आणि हिरव्याचा मेंदीसारखा काहीतरी. एकाच रंगाची दोन रूपं. मी सारखा बल्ब बदलून बघत होतो, तीन वाजेपर्यंत जेवायचं ध्यानात राहिलं नाही. इतकी मजा मला पगारात कधी आली नव्हती.

पुलावर जाऊन फोन केला. बायजाने विचारलं, जेवता काय, तुळशीला पाणी घालता काय, एकट्याचं कसं चाललंय, मी येऊ काय. तिला काळजी नको म्हणून मी सांगितलं, "झकास चाललंय. हितं कायबी अडत न्हाई. तू सावकाश ये." खरं तर कालची आमटी करपली आणि मी ताक-भात खाल्ला. ती मग म्हणाली, "असं व्हय." तिला धीर आला असावा.

१४ ऑक्टोबर

आज गुलाबी. पूर्णिमाच म्हणाली, काकू असतील तर गुलाबी बघा. लावला, आणि अगदी पटला. बल्बच्या उजेडात माणूस ताजातवाना दिसतो, माझ्यासारखा काळासुद्धा. आणखी पंधरा दिवसांत भिंती सुकतील, तेव्हा सगळीकडे हाच.

साबणासाठी लखूने संडासाच्या बाजूला भिंतीत एक लहान कोनाडा ठेवलाय. खाली बादलीत थोडा चुना उरला होता, तो त्याने माझ्याशी वाद घालत कोनाड्यात फासला. मी म्हटलं, राहू दे, वर रंग येईलच.

तो कोनाडा बघून बोगदे आठवले. बोगद्यात काम करताना गाडी आली की माणसाने पळायचं कुठं, म्हणून भिंतीत जागोजाग कोनाडे असतात. अंधारात सापडावेत म्हणून ते चुन्याने पांढरे ठेवायचे. ते काम माझं. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायजा एकदा भाकरी घेऊन थेट बोगद्यात आली. तेव्हा कुणी अडवत नसे. तेवढ्यात खालून मालगाडी. कोनाडा एका माणसाचा आणि आम्ही दोघं. गाडी जाईपर्यंत तिने डोळे गच्च मिटले होते आणि माझा सदरा धरला होता. तिला धीर यावा म्हणून मी मोठ्याने डबे मोजत होतो. तिथूनच तिला आकडा विचारायची सवय लागली असणार. घरी जाताना तिच्या नव्या लुगड्याच्या पाठीवर सगळा चुना. गावभर लोक हसले आणि ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

१७ ऑक्टोबर

पुलावर चढलो तेवढ्यात बायजाचा फोन. दिवाळीला तरी येऊ ना, म्हणाली. आता काय सांगायचं? गुलाबी चौकोनाला फोड आलेत. भिंतीतला ओलावा रंग वर ढकलतोय. अशा वेळी तिला आणून काय दाखवू, फोड? मी म्हटलं, "दिवाळी तितंच करा नातीबरोबर. मग बघू." ती म्हणाली, "बघा तुमचं तुमी." आणि फोन ठेवला. रेंज गेली असेल, किंवा गुडघा ठणकत असेल.

भिंतीपुढे पंखा लावून ठेवलाय. रात्रंदिवस फिरतोय.

२२ ऑक्टोबर

दिवाळी झाली. लखूच्या घरून पोहे आले. मी दोन पणत्या लावल्या, एक दारात आणि एक न्हाणीत. पणतीच्या उजेडात गुलाबी फार सुंदर दिसला, फोडांसकट.

मालगाडी सत्तावन्न. संध्याकाळी मी तोंडाने "सत्तावन्न" म्हणालो आणि मग लक्षात आलं की घरात कुणी नाही.

२६ ऑक्टोबर

सकाळी हात लावून पाहिलं, भिंत कोरडी. आनंदाने पुलावर गेलो. आणखी आठवड्याने ये, असं सांगायचं होतं. फोन अश्विनीने घेतला.

"आबा, आईची ट्रंक कुणाबरोबर तरी पाठवून द्या. लुगडी, चष्मा, सगळं. तिनं हितं एक कपाट लावून घेतलंय."

मी म्हटलं, कपाट कशाला?

"तीनदा ती येऊ काय म्हणाली आणि तीनदा तुमी नको म्हणालासा. हितं कायबी अडत न्हाई म्हणालासा. ती दिवाळीत फराळाला बसून रडली, आबा. म्हणाली, लंगड्या बाईचं त्यांना ओझं झालंय. तुमी असं का केलासा?"

मी पुलावर उभाच. खालून एक गाडी गेली, कोणती ते बघितलं नाही.

सिग्नलला गाडी उभी केली तर ड्रायव्हर थोडा वेळ थांबतो, मग शिट्टी मारून विचारतो, का अडवलंय. त्याला कारण कळवावं लागतं. बायजाने तीनदा शिट्टी मारली आणि मी एकदाही कारण सांगितलं नाही. वर झकास चाललंय म्हणालो. एकतीस वर्षं रेल्वेत काढून मला एवढं कळू नये. मागची सगळी पानं आत्ता परत वाचली. प्रत्येक पानावर ती विचारतेय आणि मी भिंतीकडे बघतोय. मला माझीच लाज वाटली.

अश्विनीला एवढंच म्हणालो, उद्या सकाळच्या गाडीने येतो.

२७ ऑक्टोबर, बेळगाव

बायजा गॅलरीत खुर्चीवर होती. बारीक झालीय. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "ट्रंक?"

म्हटलं, ट्रंक न्हाई आणली. तुला न्यायला आलोय.

"का? काय अडलं व्हय आता?"

हे मीच ओढवून घेतलेलं होतं, म्हणून ऐकून घेतलं. खिशातलं शेडकार्ड काढून तिच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. कोठीची खोली, दांडे, नळ, पिवळा, हिरवा, गुलाबीचे फोड. लाइन फिट झाल्याशिवाय गाडी सोडायची नव्हती, हेही सांगितलं. आणि आमटी करपली, डबे मोजून वहीत लिहितो, तेही. मग म्हटलं, "बायजा, तू न्हाईस तर मला घरात करमत न्हाई. हे पहिल्याच फोनला सांगायला पायजे होतं. मी रंगात गुंतलो."

ती बराच वेळ कार्डाची पानं उलटत राहिली. बघत नव्हती, नुसती उलटत होती. डोळे पुसून म्हणाली, "खाटंपासनं किती पावलं?"

म्हटलं, सात. लंगडत नऊ.

"तुमी लंगडून बघितलासा?" म्हणाली आणि तोंडावर पदर घेतला. रडतेय की हसतेय ते कळलं नाही. अश्विनी आतून म्हणाली, "आई, कपाट रिकामं करू काय?" ती म्हणाली, "कर."

२८ ऑक्टोबर

घरी पोचलो. न्हाणीचं दार उघडून बल्ब लावला. पिवळा, हिरवा, आकाशी, फोडांचा गुलाबी, आणि नंतर लावलेले आणखी तीन. ती उंबऱ्यात काठी टेकून बघत राहिली. "ही भित हाय का वाकळ?"

आत गेली, दांडे धरून बसली, उठली. परत बसली, परत उठली. दांड्यावर हात फिरवत म्हणाली, "उंची कशी काय बरोबर धरलासा?" मी चुलीजवळचा डाग दाखवला. 

मी कार्ड पुढे केलं. म्हटलं, आता तू सांगशील तो. हजार आहेत. तिने बल्ब बंद करायला सांगितला. "हितं लाइट दिवसातनं चारदा जातोय. गेल्यावर मला काय दिसंल ते बघू दे." बंद केला. दारातून येईल तेवढाच उजेड. माझे सातही रंग काळे झाले, एकापेक्षा एक. दिसत होता फक्त साबणाचा कोनाडा.

तिने सरळ त्यावर हात ठेवला. "ह्यो दिसतोय. बोगद्यातल्यावाणी. सगळंच असं करा की."

म्हणजे चुना. तीन आठवड्यांपूर्वी लखू जे सांगत होता तेच, आणि ओल्या भिंतीवर बसणारा. मी हे तिला सांगितलं नाही. लखूच सांगेल.

३० ऑक्टोबर

चुना भिजवला, चिमूटभर नीळ घातली, चाळणीतून गाळला. बायजा दाराबाहेर खुर्ची टाकून बसली आणि सकाळपासून माझ्यावर साहेबी गाजवली. "डाव्या अंगाला राहिलंय. वर. त्यो कोपरा." एकतीस वर्षांत माझ्या कामात कुणी इतक्या चुका काढल्या नव्हत्या. दोन हात झाले. मी लहान पोरासारखा खूश आहे, हे लिहायला हरकत नाही. शेडकार्ड तिने मागून घेतलं. नातीला खेळायला पाठवणार आहे.

१ नोव्हेंबर

दुपारी बारा-साडेबाराला बायजा न्हाणीत असताना लाइट गेले. "अवो," म्हणाली. मी गेलो. बाहेर रखरखीत ऊन आणि आत अंधार, पण चारी भिंती पांढऱ्या दिसत होत्या, आणि त्यांच्यामधे बायजा दांडा धरून उभी. म्हणाली, "दिसतंय मला. पर थांबा हितंच."

जागा दोघांना पुरेल एवढी नाही. तेवढ्यात खालून मालगाडी आली. मागून ढकलायला इंजिनं लावलेली, घाट चढून दमलेली. घर हलायला लागलं, बादलीतलं पाणी हललं. तिने दांडा सोडून माझा सदरा धरला. डोळे मिटले होते की नाही ते सांगता येणार नाही, कारण माझेच मिटले होते.

बाहेर आलो तेव्हा तिच्या पाठीवर चुना आणि माझ्या कोपरापासून खांद्यापर्यंत चुना. लखू पायऱ्यांवर बसून बिडी ओढत होता, त्याने बघितलं आणि एकदाच तोंड उघडून परत मिटलं.

खुर्चीवर बसवल्यावर बायजाने विचारलं, "किती?"

म्हटलं, मोजले न्हाईत.

ती मग वहीकडे बोट दाखवून म्हणाली, "मग तसंच लिवा."

तसंच लिहितो. दुपारची मालगाडी. डबे मोजले नाहीत.